गेरूने घातलेले नंबर

सुभेदार मारुती जगदाळे यांचा विश्वासघात झाला तो फाल्गुनातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना, नगरपरिषदेच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या टेबलापाशी. वेळ मला नक्की माहीत आहे. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, आणि सुभेदार कागद वाचत असताना त्यांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी त्या घड्याळाकडे बघत उभी होते.

कागद एकाच पानाचा होता. आमच्याच मंडळाचा ठराव. 'पेठेतील जुने काटाघर धोकादायक झाले असल्याने ते उतरवून, त्याचे दगड क्रमवार काढून, घाटातील एका रिसॉर्टच्या प्रवेशद्वारासाठी स्थलांतरित करण्यास मंडळाची एकमताने संमती आहे.' खाली अकरा सह्या. पहिली सुभेदारांची. सहावी माझी.

आम्ही तिथे हरकत घ्यायला गेलो होतो. आदल्या दिवशी काटाघराच्या भिंतीवर नोटीस लागली होती, ती वाचून. टेबलामागचा माणूस कंटाळून म्हणाला, "हरकत कसली घेताय? तुमचीच संमती आहे की."

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. पाण्याची टाकी, बंद पडलेली एसटी, शाळेसमोरचा बियरबार, सगळ्यांवर लिहून झालंय. मला लोकांना चिडवायला येतं, माणूस रंगवायला येत नाही. तरी या वेळी नुसतं पत्रक काढून भागणार नाही. कोणाला फसवलं ते कळल्याशिवाय तुम्ही जागचे हलणार नाही, हे मला आता अनुभवाने कळलंय. मागणी शेवटी आहेच. आधी सुभेदार.

आमचं गाव कृष्णाकाठी, सांगलीच्या अलीकडे. आसपासची हळद सांगलीच्या बाजारात जाण्याआधी आमच्या पेठेत वजन होऊन जायची, त्या काळातलं हे काटाघर. काळ्या दगडाच्या पाच कमानी, मागे एक लांब दालन, आणि मधल्या तुळईला लोखंडी आकडा, ज्याला तराजू टांगायचे. तराजू गेला. मग तिथे रेशनचं धान्य राहिलं, मग निवडणुकीच्या पेट्या, मग पारवे. पारव्यांनंतर आम्ही आलो. आम्ही म्हणजे जुनं बांधकाम जतन मंडळ, सभासद अकरा, कामाचा वार रविवार.

पहिल्या रविवारी आम्ही मोठा बॅनर घेऊन गेलो होतो. खिळा कुठे मारायचा याची चर्चा चालली होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"खिळा मारायचा न्हाई भितीला."

काटक, ठेंगणा माणूस. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, एका हातात बादली, दुसऱ्या हातात काथ्याचा ब्रश. पेपरात बातमी वाचून आले होते. त्यांच्यामुळे बॅनर हातात धरून फोटो काढावा लागला, आणि मंडळाच्या पहिल्यावहिल्या फोटोत माझी फक्त बोटं दिसतात.

सुभेदार मूळचे साताऱ्याकडच्या एका खेड्यातले. घरचा ऊस, पण थोरल्याकडे शेती आणि धाकटा पलटणीत, अशी त्यांच्या घरची वाटणी. ते सैन्यात पूल बांधायच्या तुकडीत होते. पूल उभा करायचा, सैन्य पार झालं की उतरवायचा, पुढच्या नदीवर पुन्हा जोडायचा. पेन्शन घेऊन बायकोच्या माहेरगावी, म्हणजे आमच्याकडे, राहिले. बायको गेली. एक मुलगी, सुनीता, आटपाडीला दिलेली. चरित्र एवढंच मला माहीत आहे. त्यांनीच सांगितलं नाही, मी काय करू. लढाईचं विचारलं की म्हणायचे, "लढाई बाकीच्यांनी केली. आमी नटबोल्ट मोजले."

आल्या आल्या त्यांनी प्रत्येक खांबावर तळहाताने थाप मारली आणि कान जवळ नेला. पुढे दर रविवारी हेच. याला ते हजेरी म्हणायचे. हजेरी झाल्याशिवाय झाडूसुद्धा हातात घेऊ द्यायचे नाहीत.

मी त्यांना तात्या म्हणते. एकदा म्हटलं, "आवं तात्या, दगड बोलतात व्हय?"

"बोलत न्हाईत. पोकळ असला तर वाजतो. तुज्या पत्रकावानी."

माझं प्रत्येक पत्रक मात्र ते वाचायचे. चष्मा लावून, बोट ठेवून, शेवटच्या ओळीतल्या छापखान्याच्या नावापर्यंत. "एका पानात तीनदा जाहीर निषेध घातलायस. एकदाच कर, पर जोरात कर." कोणी काही सांगायला लागलं, की ओळंब्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत म्हणायचे, "गोष्ट नगं. माप सांग." शर्टाच्या खिशात ओळंबा आणि पॅन्टच्या खिशात गुळाचा खडा. खडा थापीच्या दांड्याने फोडायचे आणि सगळ्यांना सारखा वाटायचे, पोरांना आणि अध्यक्षांना एकाच मापाचा.

सिमेंटशी त्यांचं वैर होतं. दुसऱ्या महिन्यात एका हौशी सभासदाने सिमेंटची पोती आणून टाकली, देणगी म्हणून. सुभेदारांनी पोत्यांकडे पाहिलंच नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ती पोती पयली भाईर. दगडाला श्वास घ्यायचा आस्तो." देणगीदार रुसला. सुभेदारांनी चुनखडी आणली, हौद खणला, चुना भिजत घातला आणि आम्हाला सांगितलं की आता महिनाभर फक्त ढवळायचं. आम्ही पाच रविवार ढवळलं. कॉलेजची मुलं सेल्फी काढायला आली आणि ढवळून गेली. मग त्या चुन्यात हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी. गूळ बाजारात जाऊन स्वतः चाखून आणलेला, काळा, कोणी घेत नाही तसला. व्यापारी म्हणाला, "सुभेदार, हा खाण्याचा नाही." सुभेदार म्हणाले, "खानारा कुटं तोंड वाकडं करतोय? भित हाय ती."

त्यांच्या गोष्टीत दुसरा माणूस येतो तो प्रभाकर सर. त्यांच्याशिवाय सुभेदार सांगताच येत नाहीत, याचा मला आज राग येतो.

सर मंडळाचे सचिव. निवृत्त मुख्याध्यापक. मऊ आवाज, छापल्यासारखं अक्षर. दर रविवारी कागदाच्या पुड्यात भडंग आणायचे आणि सुभेदारांपुढे आधी धरायचे. सुभेदारांना शेंगदाणे चावत नाहीत म्हणून दाणे वेचून स्वतः खायचे. पुराच्या वर्षी पेठेत पाणी चढलं तेव्हा हे दोघे काटाघराच्या माळ्यावर अडकले होते, दीड दिवस. चुन्याची भांडी वर काढायला सुभेदार गेले आणि सुभेदारांना खाली काढायला सर गेले. बोट आली तेव्हा दोघे माळ्याच्या खिडकीत बसून भडंग खात होते. बोटवाल्या पोराला सर म्हणाले, "आधी सुभेदारांना घे." सुभेदार म्हणाले, "आदी मास्तर. त्यास्नी पवाया येत न्हाई." दोघेही हलेनात. शेवटी पोरगा ओरडला, "कुणीतरी बसा की गड्या, मला आनी बी घरं हायती!" हे सुभेदार नंतर शंभरदा सांगायचे आणि शंभरदा हसायचे.

त्याच पुराने चौथी कमान फुगली. पोट आल्यासारखी पुढे आली. सुभेदारांनी ओळंबा धरला आणि ते म्हणाले, "उतरवून परत बांदाय लागंल."

आणि त्यांनी नंबर घालायला सुरुवात केली.

कमानींना क, ख, ग, घ अशी नावं दिली. पाचवीला च, कारण "ङ कुनाच्या बाला काढता येतोय." मग थर, मग दगड. ग-सात-तीन म्हणजे तिसऱ्या कमानीचा सातवा थर, डावीकडून तिसरा दगड. प्रत्येक दगडावर गेरूने नंबर, आणि तोच नंबर एका लांबट खतावणी वहीत, मापासकट आणि छोट्या चित्रासकट. फुगली होती एकटी घ. पण त्यांनी पाचही कमानींना नंबर घातले. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "उद्या दुसरीला काय झालं तर? दगड पडला की कुनाचा कोन कळत न्हाई. मग त्यो निसता दगड ऱ्हातो."

ऑइलपेंट का नाही, हेही मी विचारलं होतं. त्यावर सुभेदार माझ्याकडे असं बघू लागले जणू मी वेडी आहे. "काम झालं की नंबर पुसायचा. घरी आलेला जवान काय बिल्ला लावून जेवाय बसतो व्हय?"

घ कमान उतरवून पुन्हा उभी करायला आम्हाला एक आख्खा हिवाळा लागला. उतरवलेला एकेक दगड ते हाताने उलटा करायचे, खालच्या बाजूवरून बोट फिरवायचे, वहीच्या मागच्या पानांत काहीतरी टिपायचे. मी लक्ष दिलं नाही. शेवटी मधला दगड बसला. खालचा लाकडी साचा काढला. कमान जागची हलली नाही. प्रभाकर सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं, मी पाहिलंय. सुभेदारांनी बादली घेतली आणि त्या एका कमानीचे नंबर धुऊन काढले.

त्याच दुपारी आण्णा चौगुले आले होते. आण्णा म्हणजे हळदीचे जुने व्यापारी, ऐंशी ओलांडलेले. या काटाघरात त्यांनी स्वतः सौदे केलेत. पूर्वी भाव तोंडाने बोलायचा नाही, हातावर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. आण्णांनी सुभेदारांच्या हातावर टॉवेल टाकून दाखवलं.

"हे बघा. हे मी मागितलं. आता तुम्ही तोडा."

"आवं आण्णा, गुदगुल्या व्हत्यात."

"सुभेदार, सौदा आहे हा! हां, आणि ही अशी आख्खी मूठ दाबली, की पक्का. मग घरात मयत झालं तरी फिरायचं नाही."

सगळे हसले. सरही.

आता ती दुसरी वही. आमची इतिवृत्ताची. तुम्ही कुठल्याही दूध सोसायटीत, शाळेच्या समितीत, गणेश मंडळात असाल तर तुम्हाला ही पद्धत माहीत आहे. सभा सुरू व्हायच्या आधी वही फिरते. पान कोरं असतं. सगळे खाली सह्या करतात. मग सभा होते, चहा होतो, माणसं पांगतात, आणि सचिव निवांत घरी बसून वरचा ठराव लिहितो. सह्या आधी, ठराव नंतर. यात कोणाला काही चुकीचं वाटत नाही. उलट कोणी "आधी लिहा" म्हटलं, तर तो सचिवाचा अपमान.

पत्रकातला शब्द न् शब्द वाचणारा माणूस त्या कोऱ्या पानावर पहिली सही करायचा. ठसठशीत, पुढे हुद्दा लिहून. मी एकदा टोचलं होतं, "तात्या, वाचल्याबिगर सही?"

"काय वाचू? कोरं हाय." मग आवाज खाली आणून, "सर लिवनार हायती. सरांचं काय वाचायचं."

मी तरी काय वेगळं केलं? मीही सही केली. गावभर लोकांना 'जागे व्हा' म्हणून सांगत हिंडणारी मी, सहाव्या नंबरावर, कोऱ्या पानावर. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

ज्या सभेच्या तारखेचा तो ठराव होता, त्या सभेत आम्ही फक्त एका ताडपत्रीबद्दल बोललो होतो. ठरावाला जोड म्हणून सुभेदारांच्या खतावणीची झेरॉक्स लावलेली होती. 'सर्व दगडांना क्रमांक दिलेले असल्याने स्थलांतर शक्य आहे.' म्हणजे कमानी जागेवर टिकाव्यात म्हणून केलेलं काम त्या उचलून न्यायला पुरावा म्हणून वापरलं. झेरॉक्स सरांनीच काढली होती. "एक प्रत दप्तरी असू द्या, सुभेदार," म्हणून.

त्या मंगळवारी संध्याकाळी सुभेदार सरांच्या घरी गेले. मी मागोमाग. सरांनी दार उघडलं, म्हणाले, "या, या. बसा आधी." टीपॉयवर भडंग होतं. सुभेदार बसले नाहीत.

"सर, ही सही माजी हाय?"

"तुमचीच आहे, सुभेदार."

"व्हय. माजीच. आन् वरचं अक्षर कुनाचं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग समजावायला लागले. त्यांचा तो वर्गातला आवाज. रस्ता रुंद होणार आहे. आज ना उद्या बुलडोझर येणार. "मी दगड तरी वाचवले, सुभेदार. तिथे ते उभे राहतील. लोक बघतील. मंडळाचं नाव कोरणार आहेत त्या दारावर. सभेत मांडलं असतं तर तुम्ही कोणी ऐकलं असतं का? म्हणून मीच ठरवलं."

रस्तारुंदीचा कागद आम्ही नंतर तीनदा लेखी मागितला. तो कोणी अजून दाखवलेला नाही. सरांचं नाव मात्र जिल्ह्याच्या कुठल्याशा वारसा समितीवर लागलं, ते पेपरात फोटोसकट आलं.

सुभेदारांनी टीपॉयवरचं एक कोरं पान घेतलं. सरांपुढे ठेवलं. खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं.

"सही करा, सर."

"कशावर?"

"ह्याच्यावर. तुमी सही करा. म्होरं मी लिवतो."

सर पानाकडे बघत राहिले. पेनाला हात लागला नाही. मग सुभेदारांनी पेन उचललं, खिशाला लावलं आणि म्हणाले, "पुराच्या टायमाला तुमाला आदी बोटीत बसा म्हनालो व्हतो. आजबी तेच म्हनालो असतो." आणि बाहेर पडले. भडंग तसंच राहिलं.

मी त्यांना वकिलाकडे नेलं. वकील म्हणाला, सोपं आहे, ही सही माझी नाही असं लिहून द्या, स्थगिती आणतो. सुभेदार म्हणाले, "सही माजी हाय." वकिलाने पुन्हा समजावलं. "सही केली. वाचली न्हाई. चूक माजी हाय, ती मी नाकारनार न्हाई. खोटं मी लिवनार न्हाई, त्यांनी लिवलं तरी." मी रस्त्यावर त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तुमच्या खरेपणाचं लोणचं घाला आता. त्यांनी खिशात हात घातला. मला गुळाचा खडा दिला. मी फेकला.

शुक्रवारी क्रेन आली.

क, ख, ग पटापट उतरल्या. मुकादम खूश होता. "कुणी नंबर टाकलेत ओ? लय झ्याक काम. आमाला डोकंच लावाय लागंना." कामगार नंबर वाचत होते, दगड उचलत होते, ओळीने रचत होते. सुभेदार समोरच्या ओट्यावर उभे होते, हात मागे बांधून. मग पाळी आली घ कमानीची. तिच्यावर नंबर नव्हते, धुतलेले होते. मुकादमाने दोन मिनिटं वाट पाहिली आणि ओरडला, "बिननंबरी हाय ही. ब्रेकर लावा."

सुभेदार ओट्यावरून उतरले.

"ब्रेकर बंद कर."

"काका, बाजूला व्हा."

"बंद कर म्हनतो ना! त्यो मदला दगड पयला. हां, त्योच. खालनं टेकू दे. आता घ-नऊ-चार. उजव्या अंगाचा. हाळू. त्याचा कोपरा आदीच गेलाय, पाळन्यातल्या पोरावानी धर."

वही न उघडता. एकेक दगड तोंडपाठ. दुपारभर उन्हात उभं राहून त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली कमान दुसऱ्यांकडून उतरवून घेतली, एकही दगड न फुटता. वर खडूने नंबर घालून दिले. मी माईक घेऊन घोषणा द्यायला आले होते. माझ्याने एक घोषणा झाली नाही. संध्याकाळपर्यंत च कमानही उतरली. मी म्हटलं, "तात्या, तुमी त्यांना मदत केली."

"फुटला असता, पोरी. फुटला की मंग कुनाचाच न्हाई. आदी जित्ता ऱ्हाऊ दे."

दगड आठवडी बाजारामागच्या मोकळ्या जागेत रचून ठेवले. ट्रक सोमवारी येणार होते. मधे रविवार होता. आमचा कामाचा वार.

सकाळी आठला सुभेदार आले. इस्त्रीचा शर्ट, कॅनव्हासचे बूट, बादली, काथ्याचा ब्रश. पहिल्या दगडावर थाप मारली. कान लावला. पाणी ओतलं आणि नंबर घासायला सुरुवात केली. राखणदाराने विचारलं, काय चाललंय. म्हणाले, "मंडळाचं काम. काम झालं की नंबर पुसायचा आस्तो." त्याला ते पटलं. त्याने नळाचा पाइप आणून दिला.

गेरूचं लाल पाणी बाजाराच्या गटारापर्यंत वाहिलं. काही वेळाने मंडळाचे दोघेतिघे आले, बघत उभे राहिले, एकाने दुसरा ब्रश घेतला. आण्णा चौगुले खुर्ची टाकून बसले. दुपारी प्रभाकर सर आले. कुंपणाच्या बाहेरच थांबले. तिथूनच म्हणाले, "सुभेदार, असं करू नका. मग ते कुठेच उभं राहणार नाही."

सुभेदारांनी मान वर केली नाही. ब्रश थांबला नाही.

दिवेलागणीच्या आत शेवटचा दगड, च-एक-एक, कोरा झाला.

सोमवारी ट्रक आले. मुकादमाने ढिगाकडे पाहिलं, हातातल्या झेरॉक्सकडे पाहिलं, पुन्हा ढिगाकडे. सहाशेच्या वर काळे दगड, सगळे ओले, सगळे सारखे. कागदावर नंबर होते, दगडावर नव्हते. त्याने फोन लावला, बराच वेळ हो-नाही केलं. ट्रक रिकामे परत गेले. रिसॉर्टवाल्यांनी दोनदा माणूस पाठवला सुभेदारांकडे. सुभेदारांनी त्याला गूळ-पाणी दिलं आणि म्हणाले, "वय झालं. ध्यानात ऱ्हात न्हाई."

त्यानंतरच्या आठवड्यात ते आटपाडीला मुलीकडे निघाले. कायमचे. मला फोनही केला नव्हता, आण्णांकडून कळलं. मी धावत स्टँडवर गेले. आटपाडीची गाडी लागली होती. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर पत्र्याची ट्रंक, कारण ती वर ठेवली तर "धक्क्यानं माल हालतो."

"आसं न सांगता?"

"काय सांगू? ह्या गावात आता मी कागद बगितला की आदी खाली सही बगतो. आसं ऱ्हाता येत न्हाई मला."

ट्रंक उघडून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली खतावणी काढली. मागची पानं उघडून दाखवली. झेरॉक्स पुढच्या पानांची झाली होती, मागच्या पानांची नाही. तिथे त्रिशूळ, मासा, तीन टिंबं, उलटा बाण अशा बारक्या खुणा होत्या, प्रत्येकीपुढे दगडाचा नंबर, पानंच्या पानं. पहिल्यांदा ज्यांनी काटाघर बांधलं त्या पाथरवटांनी प्रत्येक दगडाच्या खालच्या अंगाला छिन्नीने खूण केलेली होती. घ कमानीच्या वेळी सुभेदार बोट फिरवून तेच बघत होते. बाकीच्या कमानींच्या खुणा त्यांनी दगड उतरल्यावर टिपल्या, त्या शुक्रवारी जेवायच्या सुट्टीत आणि नंतर शनिवारी, दगडांवर नंबर होते तोवर.

"गेरू धुतला. ह्ये धुता येत न्हाई," वही माझ्या हातात देत ते म्हणाले. "ठराव फिरला की बांदा. हितंच. त्याच जाग्याला. त्येच्या आदी कुनाला दावू नगंस."

"कुणालाच?"

"सरांनाबी."

गाडी सुरू झाली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या हातावर तो टॉवेल टाकला आणि टॉवेलाखाली माझी आख्खी मूठ दाबली. चुन्याने खाल्लेली, खरखरीत बोटं. मग टॉवेल माझ्याच हातात राहिला आणि गाडी विट्याच्या रस्त्याला लागली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या सीटच्या दांड्याला थाप मारताना दिसले, एकदा, पोकळ आहे का बघायला.

खतावणी माझ्याकडे आहे. कुठे ठेवली आहे ते विचारू नका.

दगड अजून बाजारामागे आहेत. मागच्या महिन्यात दोन कमी झाले. एक मला एका दारात सापडला, धुण्याचा दगड झाला होता. त्या बाईने परत दिला. दुसरा अजून सापडलेला नाही. खुणा वहीत आहेत, पण वहीतल्या खुणेला दगड लागतो. जेवढे दिवस जातील तेवढे दगड जातील, आणि मग ठराव फिरवूनही काही उपयोग नाही.

तेव्हा आता मागणी. ती तुमच्याकडे आहे, नगरपरिषदेकडे नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाची सभा लागली आहे. माझ्यासकट त्या पानावर सही असलेल्या प्रत्येकाने यायचं. सुभेदार येणार नाहीत, त्यांची सही मागे घेतल्याचा लेखी कागद आला आहे. तो मी वाचून दाखवीन. पेठेतल्या ज्या कोणाच्या घरात त्या काटाघरात तोललेली हळद एकदा तरी शिजली आहे, त्यांनीही यायचं. सभा सुरू होण्याआधी वही तुमच्यापुढे येईल. पान कोरं असेल. शेजारचा सही करून वही तुमच्याकडे सरकवील आणि पेनही देईल.

पेन घेऊ नका. आधी लिहा म्हणा: काटाघर त्याच्याच जागेवर उभं राहील. लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावा, मागच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असं. सचिवाचा अपमान होईल. होऊ द्या.

मग सही करा.